फॅनमेड कोर्टरूम गेम : सोबती आणि टेस्टर कुठे शोधायचे?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी,

गेमिंगच्या जुन्या धाग्यावर 'एस ॲटर्नी' खेळलेले बरेच जण दिसले, म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा गेम. पहिला भाग २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आला, लेखन-दिग्दर्शन शू ताकुमी यांचं. आपण बचाव पक्षाचे वकील. आधी तपास करून पुरावे गोळा करायचे, मग कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची. साक्षीच्या प्रत्येक वाक्यावर दोनच गोष्टी करता येतात: खोदून विचारायचं, नाहीतर ते वाक्य खोटं पाडणारा पुरावा पुढे करायचा. भलताच पुरावा दाखवला की दंड. पहिल्या भागात अशा पाच चुका झाल्या की अशील दोषी ठरतो आणि खेळ संपतो.

या मालिकेचे चाहते जगभर स्वतःचे खटले लिहितात. 'एस ॲटर्नी ऑनलाइन' नावाच्या साइटवर ब्राउझरमध्येच खटला बांधता येतो, 'पायराइट' नावाचं खास याच कामासाठी चाहत्याने केलेलं इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, आणि ज्यांना सगळं आपल्या हाताने करायचं ते 'रेनपाय' हे गोष्टीरूप गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरतात.

मी मराठीत एक खटला लिहिते आहे. काळ २००६, भारनियमनाचा. सांगली जिल्ह्यातलं एक काल्पनिक गाव, पिठाच्या गिरणीच्या मालकाचा खून. संहिता जवळजवळ पूर्ण आहे. अडलंय ते माणसांपाशी. चित्रं काढणारं कोणी नाही आणि खेळून बघणारं तर त्याहून नाही. घरच्यांना दिलं की "छान आहे गं" एवढंच उत्तर येतं.

तर प्रश्न असे: सोबती मागायचे तर कुठे आणि कसे? टेस्टर किती लागतात आणि कुठल्या टप्प्यावर? अनोळखी माणसाच्या हाती अख्खी गोष्ट द्यायची तर भरवसा कसा ठेवायचा?

लोअर_परळ

पहिला! खेळायला मी तयार आहे, पण खुनी कोण ते आधी सांगा, नाहीतर रात्री झोप लागणार नाही.

पिक्सेलपोळी

चित्रकाराच्या बाजूने लिहिते. मी दोन फॅन गेमसाठी पात्रं काढली आहेत, एक पूर्ण झाला, एक अर्ध्यात थांबला.

"चित्रकार हवा, मोबदला नाही, नाव देऊ" अशा पोस्टी मी वाचते आणि सोडून देते. पैसे नाहीत याचा राग नसतो, फॅन गेममध्ये पैसे नसतातच. सोडून देते कारण कामाचा आवाका लिहिणाऱ्याला माहीत नाही हे पहिल्या ओळीतच कळतं. या गेममध्ये एक पात्र म्हणजे एक चित्र नसतं. एका साक्षीदाराच्या किमान पाच-सहा मुद्रा लागतात: शांत, विचारात पडलेला, घाम फुटलेला, चिडलेला, आणि शेवटी खोटं उघडं पडल्यावर कोसळणारा. प्रत्येक मुद्रेत डोळ्यांची उघडझाप वेगळी, बोलताना ओठ हलणं वेगळं. वकिलाची टेबलावर हात आपटण्याची आणि बोट रोखण्याची चित्रमालिका आणखी वेगळी. दहा पात्रांचा खटला म्हणजे हौशी माणसाच्या सुट्ट्यांच्या कित्येक दिवसांचं काम.

म्हणून तुम्ही "एका साक्षीदारासाठी चित्रकार हवा" असं मागा. सोबत त्या एका साक्षीची खेळता येईल अशी लिंक द्या, पात्रांच्या जागी नुसते राखाडी ठोकळे असले तरी चालेल. मी खेळले, मला तो साक्षीदार आवडला, तर मी आपण होऊन विचारते की पुढचा कोण आहे.

खारी_बिस्कीट

पिक्सेलपोळी यांच्याशी शंभर टक्के सहमत. टेस्टरबद्दल मी सांगतो, कारण मी गेली काही वर्षं इंग्रजी फॅन खटले टेस्ट करतोय.

पहिली गोष्ट, टेस्टर एकदाच वापरता येतो. खटल्याचं रहस्य कळलं की तो माणूस त्या खटल्यासाठी संपला. प्लॅटफॉर्मवर उड्या मारायच्या गेममध्ये तोच माणूस पन्नास वेळा उड्या मारून बघू शकतो. इथे ती सोय नाही. त्यामुळे संहिता अर्धवट असताना उत्साहाच्या भरात चार मित्रांना दाखवू नका. त्यांनी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या की ते खर्ची पडले, आणि खरी गरज असते तेव्हा माणूस उरत नाही.

दुसरी गोष्ट, "आवडलं का?" विचारू नका. कोणत्या वाक्यावर कोणता पुरावा दाखवून बघितला आणि का, एवढंच लिहून घ्या. चुकलेले प्रयत्न हेच खरं सोनं. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच वाक्यावर एकच 'चुकीचा' पुरावा दाखवला, तर तो चुकीचा नाही. एक तर तो मान्य करा, नाहीतर ते वाक्य बदला. आमच्यात लोक याच ठिकाणी खेळ सोडून जातात. खेळणाऱ्याचं तर्कशास्त्र बरोबर असतं आणि गेम त्याला दंड करतो, याच्याइतकी चीड कशाची येत नाही.

तिसरी गोष्ट, आधी दुसऱ्यांचे खटले टेस्ट करा. नीट, वाक्यागणिक टिपणं काढून. या वर्तुळात लोक एकमेकांना नावाने ओळखतात. ज्याने माझ्या खटल्याची टिपणं मन लावून दिली, त्याचा खटला मी हातातलं काम बाजूला ठेवून खेळतो.

सायलीची_वेल

घरच्यांवर एवढी फुली मारू नका हो. ताकुमी यांनीच म्हटलं होतं की आपल्या आईलाही खेळता येईल इतका साधा गेम त्यांना करायचा होता. माझ्या आईने व्हिडिओ गेम कधी खेळला नव्हता, मी तिला पहिला भाग फोनवर लावून दिला. तिचा चष्मा कपाटात राहिला होता तरी तिने पहिल्या साक्षीदाराला माझ्याआधी पकडलं. कोर्ट, साक्ष, खोटारडा माणूस हे सगळं तिला ओळखीचं होतं. अडत होतं ते फक्त कुठलं बटण दाबायचं इथे. टेस्टरकडून नेमकं हेच कळायला हवं, आणि हे गेमर माणूस कधीच सांगणार नाही.

खारी_बिस्कीट

@सायलीची_वेल, मान्य. आई हवीच. फक्त मुलगी शेजारी बसून "अगं ते दाब" म्हणता कामा नये.

कोर्टाची_पायरी

मी फौजदारी वकिली करतो. गेम खेळत नाही, पण मुलगा खेळतो, त्याच्या खांद्यावरून बघितलाय. कायद्याचं काही हवं असेल तर विचारा. न विचारता थोडं सांगून टाकतो.

खटला २००६ मधला असेल तर पात्रांच्या तोंडी १८७२ चा पुरावा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता असू द्या. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, त्यांची कलमं चुकून घालू नका. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो. न्यायाधीशाच्या हाती लाकडी हातोडा देऊ नका, आपल्याकडे तो नसतो. ज्यूरीही नको. आधी सरतपासणी, मग उलटतपासणी, गरज पडली तर फेरतपासणी.

तुमच्या खेळाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कलम १६२ ची तशी मनाईच आहे. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर पुरावा कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे तो आधीचा जबाब त्याच्यासमोर ठेवून विचारता येतं. आणि एखादी महत्त्वाची गोष्ट जबाबात मुळातच सांगितलेली नसेल आणि कोर्टात एकदम उगवली, तर ती गाळलेली गोष्टसुद्धा विसंगती ठरू शकते. आमची निम्मी उलटतपासणी यावरच चालते: "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? मग जबाबात का नाही?"

तिसरी_घंटा

काका, हे फारच भारी आहे! जबाबावर सही दिसते आणि तिथेच कळतं की कागद बनावट आहे, असं कोडं होऊ शकेल. तिसऱ्या साक्षीदारासाठी मला असंच काहीतरी हवं होतं.

खारी_बिस्कीट

थोडा विरोध करतो. १६१ च्या जबाबावर सही नसते हे वकिलाला माहीत, मला नाही. खेळणाऱ्याला जे बाहेरून माहीत असावं लागतं ते कोडं अन्यायाचं होतं. पहिल्या भागातला अगदी पहिला खटला आठवा. (स्पॉयलर, पण २००१ चा गेम आहे.) साक्षीदार म्हणतो मी टीव्हीवर वेळ ऐकली, आणि त्या वेळी इमारतीत वीज नव्हती हा कागद आपल्या हातात असतो. पुढे घड्याळ तीन तास मागे का होतं याचं उत्तर पासपोर्टमध्ये असतं, आणि तोही आपल्याकडे आधीच आलेला असतो. बाहेरचं ज्ञान काही लागत नाही. सहीचं कोडं हवंच असेल तर तपासाच्या भागात एखाद्या हवालदाराच्या तोंडी "जबाबावर सही घ्यायची नसते" हे सहज आलं पाहिजे, आणि ते पुराव्यांच्या वहीत नोंदलं गेलं पाहिजे.

गाळलेल्या गोष्टीची युक्ती मात्र अफलातून आहे. कागदावर काय नाही हे दाखवायचं. इंग्रजी खटल्यांत मी ती फारशी बघितलेली नाही.

कोर्टाची_पायरी

बरोबर आहे तुमचं. कोर्टातही न्यायाधीशांसमोर जे आलं नाही ते आमच्यासाठी नसतंच.

चौथा_मजला

मी ओसाकात राहतो, कॅपकॉमचं मुख्य कार्यालयही याच शहरात. मी ही मालिका जपानीतूनच खेळलो.

सोबती कसे मिळतात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण चाहत्यांच्या भाषांतरांत आहे. एजवर्थ या सरकारी वकिलाला नायक केलेल्या मालिकेचा दुसरा भाग २०११ मध्ये फक्त जपानमध्ये आला. त्याचं अधिकृत इंग्रजी रूप यायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात जगभरच्या लोकांनी तो खेळला तो चाहत्यांच्या भाषांतरामुळे. लंडनमध्ये घडणाऱ्या 'ग्रेट एस ॲटर्नी'चंही तसंच, जपानमध्ये २०१५, अधिकृत इंग्रजी २०२१. अशा गटांत माणसं कशी जमतात हे मी लांबून बघत आलोय. कोणी थेट भाषांतरकार म्हणून येत नाही. आधी एखादा जण चुका कळवतो, मग त्याच्याकडे एका प्रकरणाची तपासणी येते, मग संपादन. छोटं काम नीट करणाऱ्याला पुढचं काम मिळत जातं. म्हणजे टेस्टर आणि सोबती ही दोन वेगळी माणसं शोधायची नसतात. आजचा चांगला टेस्टर हाच उद्याचा सहलेखक.

आणि मूळ पहिला गेम सात जणांच्या चमूने दहा महिन्यांत केला होता. तेसुद्धा पूर्ण वेळ काम करणाऱ्या, पगारी माणसांनी. आपण हौशी लोक पाच खटल्यांच्या घोषणा करतो तेव्हा हे डोळ्यांसमोर असू द्यावं.

लोअर_परळ

पाच खटल्यांच्या घोषणेवरून आठवलं. आमच्या एका डिस्कॉर्ड गटात संचालक तीन, पटकथा प्रमुख दोन, सोशल मीडिया प्रमुख एक. गेममध्ये पात्रं चार. लोगो फार सुंदर झाला होता.

रानवारा

मी पलूस तालुक्यातला. ताई, तुमचं गिरणीचं नक्की काय कोडं आहे? आमच्या चुलत्यांची गिरणी होती म्हणून विचारतोय.

तिसरी_घंटा

@रानवारा, पहिल्या साक्षीदाराचं आहे, सांगायला हरकत नाही. गिरणीशेजारी राहणारा माणूस साक्ष देतो की रात्री साडेदहाला गिरणी चालू होती, दळणाचा आवाज येत होता, आणि त्या आवाजातच त्याला ओरडणं ऐकू आलं. आपल्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक असतं. त्या गावाची वीज दहा ते बारा बंद. वीज नाही तर गिरणी कशी चालेल? पहिल्या भागातल्या त्या वीज गेलेल्या प्रसंगाला केलेला हा माझा नमस्कार आहे.

रानवारा

चालंल की! डिझेल इंजिनावर.

त्या वेळी आमच्याकडं बऱ्याच गिरण्यांना मोटार आणि इंजिन दोन्ही असायचं. लाइट नाही म्हणून गिरणी बंद ठेवली तर गिऱ्हाईक डबा घेऊन दुसऱ्या गावाला जातंय, ते परत येत नाही. पट्टा मोटारीवरनं काढून इंजिनावर चढवायचा, हँडल मारायचं, झालं सुरू.

दुसरं म्हणजे, नुसतं "वीज बंद" लिहू नका. त्या वर्षांत कितीतरी गावांत थ्री फेज बंद असायची आणि घरात दिव्यापुरती सिंगल फेज चालू. म्हणजे साक्षीदाराच्या घरात बल्ब पेटलेला असंल आणि शेजारची गिरणी बंद असंल, दोन्ही एकाच वेळी खरं. काही जण कपॅसिटर लावून सिंगल फेजवर मोटार ओढायचे, ते वेगळंच. सांगलीचा कोणीही माणूस तुमचं ते वेळापत्रक बघून हेच म्हणणार.

पण एक आहे. मोटारीवरची गिरणी आणि इंजिनावरची गिरणी, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. मोटार सलग घुमते. इंजिनाचा ठोका पडतो, टुक टुक टुक, आणि तो वेशीपर्यंत ऐकू येतो. गावातलं लहान पोरगंही डोळे मिटून सांगंल आज गिरणी कशावर आहे.

पिक्सेलपोळी

वा! मग साक्षीदाराला आवाजाचं वर्णनच करायला लावा ना. खोदून विचारलं की तो म्हणेल "सलग घुमत होती." सलग म्हणजे मोटार, मोटारीला थ्री फेज, आणि ती तर बंद.

कोर्टाची_पायरी

किंवा उलट. तो म्हणेल "ठोके ऐकले," आणि इंजिन त्या दिवशी दुरुस्तीला तालुक्याच्या गावी. गॅरेजची पावती मुद्देमालात. पंचनाम्यातही लिहिलेलं असेल की इंजिनाच्या चौथऱ्यावर नुसते चार बोल्ट आहेत. पंचनाम्यात अशा गोष्टी येतात, पंचांना जे दिसलं ते लिहायचं असतं, त्याचा अर्थ तेव्हा कोणालाच कळलेला नसतो.

तिसरी_घंटा

चार बोल्ट! काका, मी हे घेतेय. रानवारा, तुमचेही मनापासून आभार. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातली गिरणी होती, ती मोटारीवरच चालते.

खारी_बिस्कीट

सगळे एक मिनिट थांबा.

आत्ता काय झालं बघा. पुण्यामुंबईच्या दहा टेस्टरनी हे कोडं बिनबोभाट सोडवलं असतं आणि गेम प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या आठवड्यात सांगलीकरांनी धुतला असता. टेस्टर किती हवेत याचं उत्तर आकड्यात नाही. एक त्या जागेचा माणूस, एक ही मालिका कोळून प्यायलेला, एक कधीच गेम न खेळलेला. हे तीन वेगळे हवेत. एकाच ग्रूपमधले पंधरा मिळाले तरी ते पंधरा वेळा एकच गोष्ट सांगतात.

आणि दुसरं काय झालं, तर हा धागा वाचणारे आपण सगळेच पहिल्या साक्षीदारासाठी टेस्टर म्हणून बाद झालो. यापुढे कोणी इथे कोड्यांवर चर्चा करू नका, कृपया. अंदाजही लिहू नका.

लोअर_परळ

मी खुनी विचारला होता, बोल्ट नव्हते विचारले.

जोडाक्षर

तांत्रिक बाजूने एक सूचना, मराठीत करताय म्हणून. या गेममध्ये संवाद एकेक अक्षर टाइप होत येतो, तीच त्याची लय आहे. इंग्रजीत सरळ एकेक चिन्ह दाखवलं की काम होतं. देवनागरीत तसं केलं तर "साक्षीदार" लिहिताना आधी "साक" दिसतं, मग "साक्" असा पाय मोडलेला क, मग एकदम "साक्ष", मग त्याला वेलांटी. डोळ्यांसमोर अक्षरं सतत रूप बदलत राहतात. पहिली वेलांटी तर आणखी वाईट, आधी अक्षर येतं आणि मग त्याच्या डावीकडे वेलांटी सरकून येते, पुढची सगळी ओळ हलते. जुन्या गेम-इंजिनांत जोडाक्षरं जुळतच नाहीत, "क् ष" असं सुटं दिसतं.

उपाय आहे. मजकूर चिन्हांनी तोडायचा नाही, पूर्ण अक्षरांनी तोडायचा. ब्राउझरमध्ये करणार असाल तर जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी तयार सोय आहे, थोडक्या ओळींचं काम. हे मी करून देतो. मला खटला वाचायची गरज नाही, त्यामुळे मी टेस्टर म्हणूनही शाबूत राहीन. फक्त भरपूर जोडाक्षरं असलेलं एक पान पाठवा.

तिसरी_घंटा

@जोडाक्षर, हे मी बघितलं होतं आणि फाँटचा दोष समजून फाँट बदलत बसले होते. पान आजच पाठवते, व्यक्तिगत निरोप बघा.

सावंतवाडी_मेल

एक शंका. कॅपकॉमची पात्रं, संगीत वापरलं तर भानगड होत नाही का?

कोर्टाची_पायरी

पात्रांची चित्रं आणि संगीत यांचे हक्क कंपनीचे, यात वाद नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खाजगी वापर, समीक्षा वगैरेंना सूट देतं, पण अख्खा गेम करून लोकांत वाटणं त्यात आरामात बसेल असं समजू नका. फॅन गेम चालतात ते कंपन्या डोळेझाक करतात म्हणून. त्यामुळे पैसे घ्यायचे नाहीत, देणग्याही मागायच्या नाहीत, आणि जमेल तितकं स्वतःचं वापरायचं. साक्षीच्या वाक्यावर पुरावा दाखवायची पद्धत ही कल्पना आहे, कल्पनेवर कॉपीराइट नसतो.

पिक्सेलपोळी

तिसरी_घंटा यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही असं मला वाटतं. सांगलीच्या सत्र न्यायालयात मूळ गेममधला निळा सूट घातलेला काटेरी केसांचा वकील काय करणार? काळा कोट, पांढरे बँड, पात्रं सगळी नवीच लागणार. मग तो फॅन गेम फक्त पद्धतीपुरता राहतो. स्वतःची पात्रं असली की चित्रकारही लवकर मिळतात, हे अनुभवाने सांगते. दुसऱ्याच्या शैलीची नक्कल करत बसण्यापेक्षा नवा माणूस उभा करण्यात मजा जास्त.

नाट्यवाचक

धागा उशिरा बघितला. तुमच्या नावावरून तुम्ही नाटकवाल्या दिसता, म्हणून सुचवतो. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी आम्ही एकांकिका उभी करण्याआधी नुसत्या वाचनाला बाहेरची माणसं बसवायचो. तेच इथे करा. काही प्रोग्रामिंग नको, चित्रं नकोत. फोनवर किंवा समोरासमोर बसा, पुराव्यांची चिठ्ठ्यांसारखी पानं त्या माणसाला द्या, आणि तुम्ही साक्षीदार म्हणून वाक्यं वाचा. तो म्हणणार "इथे थांबा, हे बघा." तो कुठे चुळबुळतो, कुठली चिठ्ठी पुन्हा पुन्हा उचलून खाली ठेवतो, हे तुम्हाला दिसतं. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याच्या टिपणात ते कधीच येत नाही.

एकच अट, तुम्ही समजावून सांगायचं नाही. लेखकाला ते फार जड जातं. आमच्याकडे लेखकाला वाचनाच्या वेळी मागच्या रांगेत बसवायचे आणि बोलायची बंदी असायची.

आणि सोबती म्हणाल तर एकांकिका केलेली, आता नोकरीत अडकलेली माणसं शोधा. संवाद लिहिणं, वेळेत सोपवणं, रात्री जागून काम तडीला नेणं, सगळं त्यांच्या अंगात असतं. गेम माहीत नसला तरी चालेल.

खारी_बिस्कीट

कागदावरची चाचणी उत्तम. फक्त त्यात दंड खरा ठेवा. पाच चुकांना खटला हरायचा. नाहीतर माणूस सगळ्या चिठ्ठ्या एकामागोमाग एक दाखवत सुटतो आणि कोडं सुटलं असं तुम्हाला वाटतं.

सायलीची_वेल

भरवशाच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही. गोष्ट फुटली तर?

चौथा_मजला

माझं मत: अख्खी गोष्ट कोणालाच देऊ नये, आणि ते अविश्वासामुळे नाही. चित्रकाराला पात्राचा स्वभाव आणि त्याच्या मुद्रांची यादी पुरते. संगीत करणाऱ्याला प्रसंगाचा मूड पुरतो. जोडाक्षर म्हणाले तसं प्रोग्रामरला एक पान. पूर्ण संहिता फक्त सहलेखकाकडे. जे बाहेर आहेत ते शेवटी ताजे टेस्टर म्हणून उपयोगी पडतात. फुटण्याची भीती मला कधी फारशी खरी वाटली नाही. न झालेल्या गेमचं रहस्य चोरायला कोणी बसलेलं नसतं. गेम पूर्ण न होणं हाच खरा धोका.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मी असं करते आहे:

गिरणीशेजारच्या माणसाची साक्ष या धाग्यावर उघडी पडलीच आहे, तर तोच माझा नमुना. ती एकच साक्ष रानवारा आणि काकांच्या सूचना धरून नव्याने लिहिते आणि 'एस ॲटर्नी ऑनलाइन'वर राखाडी ठोकळ्यांसह टाकते. इथे, आणि चित्रकारांच्या एक-दोन गटांत, तिची लिंक देईन आणि मागणं फक्त या एका साक्षीदाराच्या मुद्रांचं असेल. इथल्या मंडळींना तिचं रहस्य माहीत आहे, म्हणून तुम्ही ती टेस्ट न करता फक्त भाषा आणि गावाचे तपशील बघा.

उरलेले साक्षीदार मी कुठेच दाखवत नाही. त्यांची आधी कागदावर चाचणी, एकेका नव्या माणसाबरोबर, दंड धरून. बंद तोंडाने बसायचा सराव आत्तापासून करते.

मला हवे आहेत: हा धागा न वाचलेले दोन जण, शक्यतो मिरज-तासगाव-पलूस भागातले, गेम कधीच न खेळलेलं एक कोणीतरी वयस्कर, आणि मालिका पूर्ण खेळलेले दोघं. आपल्या ओळखीतल्या माणसांना धागा न दाखवता थेट माझ्याकडे पाठवा. बदल्यात मी मराठी किंवा इंग्रजी कोणाचाही खटला वाक्यागणिक टिपणं काढून टेस्ट करेन. ज्यांचा तयार असेल त्यांनी आधी पाठवा, माझ्या कामाची वाट बघू नका.

रानवारा

चुलत्यांना विचारलं. ते ७१ वर्षांचे आहेत, गेम म्हणजे काय ते माहीत नाही, धागा वाचायचा प्रश्नच नाही. बसायला तयार आहेत. फक्त गिरणीवाल्याचा खून का केला एवढंच विचारत होते.

तिसरी_घंटा

@रानवारा, त्यांना सांगा, ते शोधून काढायचं काम त्यांच्याकडेच आहे! कधी फोन करू? गिरणीची साक्ष त्यांच्यासमोर वाचणार नाही, थेट दुसऱ्या साक्षीदारापासून सुरू करू.

पिक्सेलपोळी

ठोकळ्यांची लिंक आली की मला आधी पाठवा. शेजारी कसा दिसतो हे डोक्यात यायला लागलंय. अंगात बंडी, गळ्यात टॉवेल, आणि खोटं बोलताना टॉवेलचं टोक पिळतो. हे चालेल का?

तिसरी_घंटा

धावेल. टॉवेल पिळणं साक्षीच्या तिसऱ्या वाक्यापासून सुरू होऊ द्या, आधी नको.

सावंतवाडी_मेल

मी टेस्टिंगला येऊ शकते, पण माझ्याकडे फक्त फोन आहे. चालेल का?

जोडाक्षर

चालेल, उलट हवंच आहे. फोनवर साक्षीचं लांब वाक्य तीन ओळींच्या चौकटीत मावतं का हे कोणालातरी बघायचंच होतं. पण तुम्ही वरचं सगळं वाचलंय ना? मग तुमच्याकडे गिरणीची साक्ष येईल, बाकीची नाही.